ऑपेरा हाउसची लॉटरी, सिडनी १९६०: खंडणी, खून आणि खटला

दर्यावर्दी (धागाकर्ता)

आई-बाबा दोन महिन्यांसाठी सिडनीला आलेत. परवा ऑपेरा हाउस दाखवायला नेलं. आईने पायऱ्यांवर बसून दशम्यांचा डबा उघडला. बाबांनी उभा जन्म पीडब्ल्यूडीत काढलाय. ते छपराकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "एवढ्याला पैसा कुठून आणला यांनी?"

मी म्हटलं, लॉटरीतून. त्यांना वाटलं थट्टा करतोय.

थट्टा नाही. सुरुवातीला सत्तर लाख डॉलरमध्ये होईल म्हणून सांगितलेली ही इमारत १०.२ कोटींवर गेली. त्यातला बहुतेक सगळा पैसा 'ऑपेरा हाउस लॉटरी' काढून उभा केला. पहिलं बक्षीस एक लाख पौंडांचं. त्या काळात ती रक्कम म्हणजे डोळे पांढरे व्हावेत अशी.

१ जून १९६० ला दहावी सोडत निघाली आणि बक्षीस बाँडायला राहणाऱ्या बॅझिल थॉर्न नावाच्या फिरत्या विक्रेत्याला लागलं. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर नाव, फोटो, राहण्याचा पत्ता. तेव्हा तशीच पद्धत होती, कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. पाच आठवड्यांनी, ७ जुलैला सकाळी साडेआठला, त्यांचा आठ वर्षांचा मुलगा ग्रेएम दप्तर घेऊन शाळेला निघाला. ओळखीच्या एक बाई त्याला रोज कोपऱ्यावरून गाडीत घ्यायच्या. त्या आल्या तर कोपऱ्यावर पोरगं नाही. त्यांना वाटलं आज घरीच असेल, म्हणून घरी गेल्या. घरी नाही. शाळेत गेल्या, शाळेत पण नाही.

आईने पोलिसांना कळवलं. बाँडाय ठाण्याचा एक सार्जंट घरी आला आणि तो तिथे असतानाच, नऊ चाळीसला, फोन वाजला. आईने घेतला. परदेशी उच्चारांतला आवाज: मुलगा माझ्याकडे आहे, संध्याकाळी पाचच्या आत पंचवीस हजार पौंड हवेत. सार्जंटने फोन हातात घेतला आणि आपणच बाप असल्याचं भासवलं. पण त्या बिचाऱ्याला या घरात लॉटरी लागलीय हेच माहीत नव्हतं! तो म्हणाला, एवढे पैसे मी कुठून आणू? पलीकडून उत्तर आलं, पैसे नाही दिलेत तर पोराला शार्क माशांना घालीन.

खरा बाप त्या वेळी धंद्याच्या कामाने केम्पसीला होता. रात्री पावणेदहाच्या सुमाराला पुन्हा फोन आला, पैसे कागदी पिशव्यांत भरा वगैरे सूचना सुरू झाल्या आणि मधेच ठेवला गेला. त्यानंतर काही नाही.

पुढचं उद्या लिहितो. बाबांना झोप येत नाहीये, "तो सापडला का नाही" एवढं सांग म्हणतायत.

खडीसाखर

सापडला का नाही? पु.भा.प्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)

वसईची_वाडी

हे वाचलं होतं कुठेतरी. मुलगा सापडत नाही जिवंत. ज्यांना लहान मुलांचं वाचवत नाही त्यांनी इथेच थांबा, आधी सांगून ठेवते.

दर्यावर्दी

वसईची_वाडी, धन्यवाद, ही सूचना मीच वर द्यायला हवी होती.

तर. दुसऱ्या दिवशी खाडीच्या पलीकडे, सीफोर्थ भागात रस्त्याकडेला दप्तर सापडलं. त्यानंतर तीन दिवसांनी टोपी, रेनकोट, डबा, गणिताची पुस्तकं. १६ ऑगस्टला त्याच भागात मोकळ्या जागेत दगडाआड प्रेत. चौकटीच्या निळ्या गोधडीत गुंडाळलेलं. गोधडी म्हणजे सहलीला अंथरतात ती लोकरीची, वाकळ नव्हे. आसपासची पोरं ते गाठोडं काही दिवसांपासून बघत होती. शेवटी आठ-आठ वर्षांच्या दोन मुलांनी घरी सांगितलं.

हातपाय बांधलेले, गळ्याशी मफलर, डोक्याला मार.

पोलिसांकडे तोवर काय होतं? एका जोडप्याने त्या सकाळी कोपऱ्यावर आडवी लावलेली १९५५ सालची चमकदार निळी फोर्ड कस्टमलाइन पाहिली होती. नोंदणी कार्यालयातली लाखो कार्डं हाताने चाळायची. संगणक नाही, काही नाही. त्या यादीतल्या हजारो मालकांकडे एकेक करून जायचं.

आणि गोधडी. यात माझे बाबा उठून बसले. तिच्यावर गुलाबी चुन्याचे कण होते. बाबा लगेच: "सुरखी असेल. चुन्यात विटेची भुकटी घातली की असा रंग येतो." तिथे तो रंग कशाने आला होता ते देव जाणे, पण भूगर्भशास्त्राच्या संग्रहालयातल्या माणसाने तो विटांच्या दर्जांमध्ये, म्हणजे सांध्यांत, भरायचा मसाला म्हणून ओळखला. म्हणजे प्रेत कुठल्या तरी घराच्या पायाशी, जोत्याखालच्या पोकळीत ठेवलेलं असणार. कपड्यांवर सायप्रस नावाच्या झाडाच्या दोन वेगवेगळ्या जातींचे अवशेष मिळाले. एक जात सगळीकडे दिसणारी, दुसरी बागांमधून फारशी न दिसणारी. शिवाय तांबूस कुत्र्याचे केस, पेकिनीज जातीच्या. शिवाय बुटांवरची बुरशी.

मग पोलिसांनी शोधलं काय, तर माणूस नाही, घर. गुलाबी दर्जा आणि अंगणात दोन्ही झाडं असलेलं घर. आणि ते कुणी दाखवलं? पोस्टमनने. क्लॉन्टार्फमधलं एक घर. पोलीस ३ ऑक्टोबरला तिथे पोचले तेव्हा घरात दुसरंच बिऱ्हाड. आधीचा भाडेकरू स्टीफन ब्रॅडली, मूळचा हंगेरीचा, १९५० साली आलेला, इलेक्ट्रोप्लेटिंगचं काम करणारा. त्याच्याकडे निळी फोर्ड होती. पेकिनीज कुत्रा पण होता. त्याने घर सोडलं कधी? ७ जुलैला! त्याच दिवशी सकाळी बायकापोरं टॅक्सीने विमानतळावर, आणि मागाहून सामान हलवणारा ट्रक दारात.

पण आठवडाभर आधी, २६ सप्टेंबरला, सगळं कुटुंब 'हिमालया' बोटीने इंग्लंडला निघालं होतं.

नेमका_मुद्दा

एक शंका. फोर्डच्या मालकांकडे एकेक करून जात होते म्हणताय, मग ब्रॅडली त्या यादीत नव्हता?

दर्यावर्दी

होता ना. हेच तर. २४ ऑगस्टला पोलीस त्याच्या कामाच्या जागी जाऊन त्याला भेटले होते. त्याने शांतपणे सांगितलं, गाडी माझीच आहे, त्या दिवशी मी घर बदलत होतो. आणि ते खरंच होतं. खोटं बोलायची वेळच आली नाही त्याच्यावर. पोलीस परत गेले, आणि महिन्याभरात त्याने गाडी विकून टाकली.

आणखी एक. अपहरणाच्या काही आठवडे आधी एक माणूस थॉर्नांच्या दारात आला होता. 'बॉग्नर' नावाच्या कुणाची तरी चौकशी करतोय, मी खाजगी गुप्तहेर आहे, हा फोन नंबर तुमचाच ना, असं काहीतरी. फोन नुकताच जोडलेला, नंबर कुणाकडे नव्हता. आईला तेव्हाच खटकलं होतं. पुढे तिने कोर्टात बोट दाखवलं, हाच तो.

बोलघेवडा

म्हणजे घरी येऊन चहापाणी घेऊन गेला की काय. शीऽऽ.

पानाफुलात

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे (आता निवृत्त), म्हणून थोडं त्या बाजूने.

झाडांचं काम ज्यांनी केलं त्यांत डॉ. जॉइस व्हिकरी होत्या. सिडनीच्या वनस्पतिसंग्रहालयात गवतांच्या वर्गीकरणावर जन्म घालवलेल्या बाई. आमच्या क्षेत्रात त्यांचं नाव गवतांसाठी घेतात, खुनाच्या तपासासाठी नव्हे. मी वर्गात मुलांना हे उदाहरण द्यायचे, कारण मागच्या बाकावरून दरवर्षी ठरलेला प्रश्न यायचा: मॅडम, हर्बेरियमची वाळलेली पानं चिकटवून काय मिळतं?

आणि बुरशीला कमी लेखू नका. बुटांवर जी बुरशी होती, ती सिडनी विद्यापीठातल्या वनस्पतिरोगतज्ज्ञाने वाढवून पाहिली. कुठल्या जातीला इतपत वाढायला किती आठवडे लागतात यावरून मुलगा पळवल्यानंतर लगेचच गेला असावा हे ठरलं. म्हणजे तो दुसरा, रात्रीचा फोन आला तेव्हा देवाणघेवाणीला बहुधा काही उरलंच नव्हतं. पावसाळ्यात आपल्या चपलांवर येते ना, तीच ही जमात. चार दिवसांची आणि महिन्याची यांतला फरक कोकणातल्या कुठल्याही बाईला नुसता बघून कळेल.

खडीसाखर

पानाफुलातताई, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता शू-रॅक उघडून बघितलं.

आजोळचा_आंबा

अवांतर: आपल्याकडे महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ च्या एप्रिलात सुरू झाली. मी तेव्हा सातवीत. आमच्या वडिलांना एकदा दीडशे रुपये लागले होते. दीडशे! आईने चाळीत कुणाला कळू दिलं नाही. आजीच्या माळेतला तुटलेला मणी तेवढा गुपचूप ओवून आणला. तरी आठ दिवसांत तिघे उसने मागायला आले. कळलं कसं हे कोडं अजून सुटलेलं नाही. तिकीट विकणाऱ्याचा संशय आहे.

केरळात २०२२ साली ओणमच्या बंपरमध्ये एका रिक्षावाल्याला २५ कोटी लागले. पाच-सहा दिवसांत तो कॅमेऱ्यासमोर येऊन सांगत होता की लागलं नसतं तर बरं झालं असतं, घरात राहता येत नाही. ते पाहून आईची आठवण झाली होती.

काळाकोट_नागपूर

खटल्याबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी येतो. सत्र न्यायालयात वीसेक वर्षं झाली, बचावाच्या बाजूने.

'हिमालया' १० ऑक्टोबरला कोलंबोला लागली तेव्हा तिथल्या पोलिसांनी ब्रॅडलीला ताब्यात घेतलं. दोन सिडनीचे डिटेक्टिव्ह विमानाने गेले, सिलोनच्या कोर्टात प्रत्यार्पणाची लढाई झाली आणि १९ नोव्हेंबरला त्याला परत आणला. आणि त्याने कबुलीजबाब लिहून दिला! तीन-चार दिवस पाळत ठेवली, मुलाला सांगितलं की नेहमीच्या बाई आजारी आहेत, मी शाळेत सोडतो. मग हार्बर ब्रिजवरून पलीकडे. स्पिट ब्रिजजवळच्या सार्वजनिक फोनवरून धमकी. घरी आल्यावर मुलाला डिकीत घातलं, रात्री पाहिलं तर तो गेलेला.

२० मार्च १९६१ ला न्या. क्लॅन्सींपुढे ज्यूरीसमोर खटला सुरू झाला आणि ब्रॅडलीने कबुली फिरवली. बायकोपोरांचं वाईट करू असं धमकावून पोलिसांनी लिहून घेतली म्हणाला.

आता आपल्याकडचं पाहा. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. पुरावा कायद्याचं कलम २५, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३. (मकोका सोडून. तिथे पोलीस अधीक्षकापुढची कबुली चालते, त्यावर वेगळा धागा काढा, मी दहा पानं लिहीन.) म्हणजे आमच्या कोर्टात तो कबुलीचा कागद पहिल्याच दिवशी बाजूला पडला असता. मग उरतं काय? चुना, झाडं, केस, गोधडी.

नेमका_मुद्दा

काळाकोट, आणि त्यावर सुटला असता असं म्हणायचंय का?

काळाकोट_नागपूर

नाही. उलट. म्हणूनच मला हा खटला आवडतो. (आवडतो हा शब्द चुकलाय, पण आमच्या धंद्यात असंच बोलतात.)

परिस्थितिजन्य पुराव्याचं आपलं सगळ्यात मोठं प्रकरण पुण्यातलंच, शरद बिरधीचंद सारडा, सर्वोच्च न्यायालय, १९८४. पाच कसोट्या दिल्या, त्याला 'पंचशील' म्हणतात. थोडक्यात, साखळीची एकही कडी सुटी नको आणि आरोपी निर्दोष असल्याची वाजवी शक्यता कुठे उरायला नको. त्या खटल्यातला आरोपी याच कसोटीवर सुटला.

आता ब्रॅडली त्यावर लावा. एकटा चुना सोडा, सिडनीत गुलाबी दर्जाची घरं असतीलच. एकटं झाड सोडा. निळ्या फोर्ड हजारो. पेकिनीज कुत्रे पुष्कळ. पण हे सगळं एकाच अंगणात? वर गोधडीचा निखळलेला गोंडा त्याच घरात सापडला. आणि टाकून दिलेल्या फिल्मच्या निगेटिव्ह मिळाल्या, त्यात ब्रॅडली कुटुंब सहलीला बसलंय आणि खाली अंथरलंय काय? तीच गोधडी. मी बचावाला असतो तर त्या निगेटिव्हपुढे माझ्याकडे विचारायला प्रश्न नव्हता.

दर्यावर्दी

निगेटिव्हचं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "फोटो टाकून द्यायचा नाही म्हणतात तो याच्यासाठी."

चौकटीबाहेर

मान्य सगळं. पण एक टोचतंय. घर त्याचं, गाडी त्याची, गोधडी त्याची, हे सिद्ध झालं. मुलगा मेला कसा हे झालं का? डिकीत गुदमरला की डोक्यात घाव घातला? दोन्हींत फरक नाही का? की ज्यूरीने "पळवला ना, मग मारलाच" असं धरलं?

काळाकोट_नागपूर

चौकटीबाहेर, बरोबर जागी बोट ठेवलंत. बचावाचा सगळा जोर तिथेच होता. वैद्यकीय मत असं की गुदमरून, किंवा डोक्याच्या माराने, किंवा दोन्ही मिळून. 'किंवा' तसाच राहिला. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की बांधलेला, मफलर आवळलेला, कवटीला मार लागलेला मुलगा आपोआप मरत नाही.

आपल्याकडे तुमच्या शंकेला उत्तर आहे. अगदी त्याचंच खरं धरलं, की फक्त डिकीत ठेवला आणि गेला, तरी आठ वर्षांच्या पोराला बांधून, तोंडाशी कापड लावून बंद डिकीत घालणारा "मला वाटलं नव्हतं" म्हणू शकत नाही. जुन्या दंडसंहितेचं कलम ३००, चौथा भाग.

खंडणीसाठी अपहरण हे वेगळं कलम म्हणून आपल्याकडे १९९३ सालीच आलं, ३६४-अ. आता न्याय संहितेत १४०(२). शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, मधलं काही नाही. होशियारपूरच्या एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात या फाशीलाच आव्हान दिलं होतं, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. पण हे कलम दिसतं तेवढं सरसकट नाही. २०२१ च्या शेख अहमद निकालात न्यायालयाने सांगितलं की नुसतं पळवलं आणि पैसे मागितले एवढ्याने ३६४-अ लागत नाही, मारण्याची किंवा इजेची धमकी किंवा तशी वाजवी भीती, हे पण स्वतंत्रपणे सिद्ध करा. त्यात रिक्षाचालक आरोपी ३६४-अ मधून सुटला, साध्या अपहरणात अडकला. तपास अधिकाऱ्याने धमकीचा मुद्दा नीट नोंदवला नाही तर वर जाऊन काय होतं त्याचा नमुना.

सिडनीच्या सार्जंटने फोन हातात घेतला त्यामुळे धमकीला दुसरा साक्षीदार आयताच मिळाला, हे लक्षात घ्या. लॉटरीचं माहीत नसलं म्हणून काय झालं.

बोलघेवडा

फाशी झाली का शेवटी?

दर्यावर्दी

नाही. न्यू साउथ वेल्सने खुनाची फाशी १९५५ सालीच रद्द केली होती. २९ मार्चला ज्यूरीने दोषी ठरवलं, बाहेर जमलेल्या लोकांनी जल्लोष केला, शिक्षा जन्मठेप. अपील फेटाळलं. १९६८ मध्ये गोल्बर्नच्या तुरुंगात टेनिस खेळताना हृदयविकाराने मेला.

बोलघेवडा

टेनिस!!

मेलबर्नचा_माळी

मी इथे तेवीस वर्षं आहे. मला या प्रकरणात दुसरीच गोष्ट दिसते. फोनवरचा आवाज 'परदेशी' होता हे पहिल्या दिवसापासून छापून येत होतं. जुलै ते ऑक्टोबर, तीन महिने. युद्धानंतर आलेले हंगेरियन, पोलिश, इटालियन, ग्रीक, सगळ्यांचे उच्चार परदेशीच. त्या तीन महिन्यांत दुकानात "ब्रेड द्या" म्हणायला तोंड उघडताना त्या लोकांना काय वाटलं असेल?

इथे काही वाईट घडलं की आम्ही भारतीय लोक बातमीत आधी नाव बघतो. आपल्यातला नसू दे रे बाबा. एकदा ट्रेनमध्ये शेजारचा पंजाबी ड्रायव्हर आणि मी एकाच वेळी एकच बातमी मोबाइलवर वर ढकलत होतो, नाव शोधत. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

वसईची_वाडी

+१ माळीबुवा.

मला राहून राहून आईचं वाटतं. तिला तो दारातला माणूस खटकला होता. पण खटकलं म्हणून कुणी पोलिसात जात नाही. काय सांगणार, एक माणूस आला, चुकीचं नाव विचारून गेला?

पानाफुलात

दर्यावर्दी, एक विनंती. उत्साहाच्या भरात ते क्लॉन्टार्फचं घर शोधायला जाऊ नका, आणि गेलात तर फोटो इथे टाकू नका. तिथे माणसं राहतात.

दर्यावर्दी

ताई, नाही गेलो. खरं सांगायचं तर निघालो होतो. स्पिट ब्रिजपर्यंत गेलो, पूल बोटींसाठी उघडला होता म्हणून गाड्या थांबलेल्या. आईने मागच्या सीटवरून विचारलं, "तो फोन इथनंच केला ना?" मी हो म्हटलं. तिने काच वर केली. पूल खाली आल्यावर पहिल्या वळणावरून गाडी फिरवली आणि घरी आलो.

खडीसाखर

मग आता तिकडे लॉटरीवाल्यांची नावं छापतात का?

दर्यावर्दी

या प्रकरणानंतर नाव गुप्त ठेवायची मुभा मिळाली. बाबांनी त्याचं प्रात्यक्षिकच केलं. घराजवळच्या पेपरवाल्याकडे तिकीट घ्यायला गेले. आधी त्याला विचारलं, "नेम प्रिंट?" तो गुजराती निघाला. म्हणाला, "नहीं अंकल, आप बोलोगे तभी." तेव्हा कुठे बाबांनी पाकीट काढलं.

शनिवारी सोडत झाली. एकही आकडा जुळला नाही. तिकीट मात्र बाबांनी पासपोर्टमध्ये घालून ठेवलंय, आणि आईला बजावलंय की सांगलीला गेल्यावर कुणाला बोलू नकोस.